शून्य कोणासाठी बंद आहे?

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही तिघे एका सरकारी कार्यालयात भांडायला गेलो होतो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एकट्या त्या कार्यालयाचा नाही. शहरात खोली करून शिकणाऱ्या आपल्या एका विद्यार्थिनीचा स्वाधार योजनेचा अर्ज बाद झाला होता. कारण काय, तर बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते. बँकेत जाऊन अर्ध्या तासात होणारे काम. पण अर्जात त्रुटी निघाली आहे हे तिला कोणी कळवलेच नाही. यादी कार्यालयाच्या फलकावर लावली, आठ दिवसांची मुदत दिली, मुदत संपली, विषय संपला. त्या आठ दिवसांत ही मुलगी साठ किलोमीटरवर गावी आईबरोबर सोयाबीनच्या खुरपणीला जात होती. अर्जावर तिचा मोबाइल नंबर ठळक अक्षरात लिहिलेला होता.

"एक फोन का नाही केला?" आम्ही आवाज चढवून विचारले. टेबलावरचे दादा कंत्राटी होते, वयाने आमच्याच एवढे. त्यांनी वाद घातला नाही. टेबलावरचा लँडलाइनचा रिसीव्हर उचलून आमच्या हातात दिला.

"घ्या दादा, तुम्हीच लावून बघा."

आम्ही शून्य दाबून बाहेरची लाइन घेतली आणि मुलीचा दहा अंकी नंबर फिरवला. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई म्हणाल्या, मोबाइल नंबरच्या आधी शून्य लावा. मग आम्ही पुन्हा शून्य दाबून बाहेरची लाइन घेतली, दुसरे शून्य दाबले, आणि लगेच एंगेज टोन. पुन्हा तेच केले, पुन्हा तेच झाले. दादा हसले. "आमचं शून्य बंद आहे," म्हणाले, "साहेबांचं चालू आहे."

ज्यांनी ऑफिसचा फोन कधी वापरलेला नाही अशा तरुण मित्रांसाठी हे यंत्र काय आहे ते सांगणे भाग आहे. मोठ्या कार्यालयात बाहेरच्या लाइनी चार-सहा असतात आणि टेबलांवरचे फोन तीस-चाळीस. मधे एक डबा असतो, त्याला ईपीएबीएक्स म्हणतात. टेबलावरून पहिले शून्य दाबले की हा डबा बाहेरची लाइन देतो. त्यानंतर दुसरे शून्य दाबले तर त्याचा अर्थ परगावचा फोन, म्हणजे एसटीडी. डब्यात प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी ठरवता येते की याला नुसते इंटरकॉम, याला लोकल, याला एसटीडी, याला आयएसडीसुद्धा. यंत्राच्या पुस्तकात या व्यवस्थेला 'क्लास ऑफ सर्व्हिस' असे नाव आहे. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, पण वर्ग या शब्दाची इतकी सरळ व्याख्या आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती.

परगावचे फोन महाग होते तेव्हा हे कुलूप घातले गेले. आपल्या देशात ट्रंक बुक न करता थेट परगावी फोन लावायची सोय १९६० साली कानपूर-लखनौ यांच्यात सुरू झाली, आणि पुढे कित्येक वर्षे ती चैनीची गोष्ट होती. अंतर वाढेल तसा मीटर भराभर पळायचा. त्या काळात खर्चाला लगाम घालणे गैर होते असे आम्ही म्हणत नाही. सरकारी पैसा जनतेचा आहे, तो कोणी मेहुण्याशी गप्पा मारण्यात उडवू नये. पण १ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या 'वन इंडिया' योजनेत देशात कुठेही एका रुपयात मिनिटभर बोलता येऊ लागले. आज तर बहुतेक लँडलाइन आणि फायबर योजनांत देशभरचे फोन ठरलेल्या मासिक भाड्यातच येतात. म्हणजे ज्या पैशासाठी कुलूप लावले तो पैसा आता वाचतच नाही. कुलूप मात्र जागेवर आहे.

आणि मधल्या काळात त्या कुलपाचा अर्थच बदलून गेला. पूर्वी लँडलाइनवरून आपल्याच सर्कलमधला मोबाइल शून्य न लावता लागायचा. त्यामुळे एसटीडी बंद असले तरी गावातल्या माणसाच्या मोबाइलवर फोन जायचा. देशात नंबर अपुरे पडू लागले म्हणून ट्रायने २०२० च्या मे महिन्यात शिफारस केली, की लँडलाइनवरून कोणताही मोबाइल लावताना आधी शून्य लावावे. त्यातून सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक मोकळे होतील. १५ जानेवारी २०२१ पासून ते लागू झाले. दूरसंचार विभागाने त्या वेळी कंपन्यांना स्पष्ट सांगितले होते, की सर्व लँडलाइन ग्राहकांना शून्य लावायची सोय द्या. कंपन्यांनी आपल्या बाजूने ती दिलीही. पण कार्यालयाच्या आतला डबा कार्यालयाच्या मालकीचा, त्यातले कुलूप कार्यालयाने घातलेले. ते उघडायला दिल्लीहून कोणी येणार नव्हते.

म्हणजे त्या तारखेपासून ज्या टेबलाचे शून्य बंद आहे त्या टेबलावरून एकही मोबाइल लागत नाही. लागतात फक्त त्याच गावातले लँडलाइन. आता सांगा, लँडलाइन कोणाकडे उरले आहेत? कलेक्टर कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, मोठ्या कॉलेजात, काही जुन्या वाड्यांत. आणि नुसता मोबाइल कोणाकडे आहे? ऊसतोडीला गेलेल्या बापाकडे, वसतिगृहातल्या पोराकडे, अॅट्रॉसिटीची तक्रार देऊन जीव मुठीत धरून बसलेल्या कुटुंबाकडे, निराधार योजनेची वाट बघणाऱ्या म्हातारीच्या नातवाकडे. ज्या टेबलाचे कामच या माणसांशी बोलण्याचे आहे, त्या टेबलावरचा फोन फक्त दुसऱ्या कार्यालयांशी बोलू शकतो. कोणी मुद्दाम योजना आखली असती तरी इतकी नेमकी जमली नसती.

साहेबांना हे दिसत का नाही? त्यांचे शून्य चालू आहे, म्हणून. ज्यांच्या हातात कुलूप काढण्याचा अधिकार आहे त्यांना कुलूप आहे हेच माहीत नाही, आणि ज्यांना रोज ते टोचते त्यांना अर्ज कोणाकडे करायचा ते ठाऊक नाही. डब्याचा पासवर्ड देखभालीच्या कंपनीच्या माणसाकडे. तो म्हणतो लेखी पत्र द्या. पत्र द्यायचे साहेबांनी. आणि साहेबांना तर अडचण काहीच नाही.

आता काही मंडळी म्हणतील, फोनच्या कुलपातही तुम्हाला जात दिसते काय? प्रश्न नेहमीचाच आहे, पण उत्तर नीट देऊ. डब्याला जात कळत नाही. डब्याला पद कळते. कोणत्या पदाला किती मोकळीक हे माणसांनी ठरवून त्याच्यात भरलेले असते. आणि कार्यालयाच्या उतरंडीत सर्वांत खाली, शिपाई, सफाईवाले, पहारेकरी, कंत्राटी लिपिक, कंत्राटी गृहपाल, या जागांवर कोण बसलेले असते ते एकदा जेवणाच्या सुट्टीत डबे उघडताना डोळ्यांनी बघून यावे. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही वर-खाली लावलेली. टेबलावरच्या फोनला हे मोजमाप लावून बघा. काम काय आहे हे बघून एसटीडी दिले असते तर ते सर्वांत आधी विद्यार्थ्यांना त्रुटी कळवणाऱ्या टेबलाला मिळाले असते. ते मिळाले पदाला. ज्या साहेबांना दिवसभरात परगावच्या एकाही लाभार्थ्याला फोन करायचा नसतो, त्यांच्या टेबलावर आयएसडी आहे.

या उतरंडीची खुबीही तीच, जी बाबासाहेबांनी जातीची सांगितली. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून वरच्याविरुद्ध कोणी एक होत नाही. त्याच कार्यालयात आम्ही शेजारच्या टेबलावरच्या कायम लिपिकांना विचारले, तुम्ही तक्रार का करत नाही? ते म्हणाले, "आमच्याकडे निदान लोकल तरी आहे. शिपायाकडे नुसतं इंटरकॉम." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते, थोडे समाधानच होते.

संशयाचा मुद्दा तर आम्हाला घरातूनच माहीत आहे. आमच्यातल्या एकाचे वडील १९९० च्या दशकात एका निमसरकारी कार्यालयात शिपाई होते. तेव्हा फोन गोल डायलचा. डायलच्या भोकात छोटे पितळी कुलूप अडकवायचे, म्हणजे डायल फिरत नसे. एकदा बिल फुगून आले. जुन्या एक्स्चेंजमध्ये मीटरवर नुसते एकूण कॉल पडायचे; कोणता नंबर, किती वाजता, यातले काही बिलात नसायचे. म्हणजे फोन कोणी केला हे शोधायची सोयच नव्हती. तरी मेमो शिपायाला. का? कार्यालय उघडणारे तेच आणि बंद करणारे तेच, एवढाच पुरावा. वास्तविक कुलपाची किल्ली मोठ्या बाबूंच्या ड्रॉवरमध्ये असायची. त्यातही गंमत अशी की कुलूप डायलला असले तरी रिसीव्हर ठेवायची खटकी नेमक्या तालात टपटपवली तर फोन लागायचा, आणि ही विद्या कार्यालयात सगळ्यांना येत होती. पगारातून तीन हप्त्यांत पैसे कापले गेले. फोन कोणी केले होते ते आजवर कळले नाही. घरात अजूनही त्या बिलाचा विषय निघाला की वडील उठून अंगणात जातात.

आज ती अडचण उरलेली नाही. कोणत्या एक्स्टेन्शनवरून कोणता नंबर, किती वाजता, किती सेकंद, सगळी नोंद डबा स्वतः ठेवू शकतो आणि छापूनही देऊ शकतो. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा गुप्त अंक देता येतो, म्हणजे कोणत्याही टेबलावरून लावला तरी फोन त्याच्या नावावर पडतो. गैरवापर रोखायचा असेल तर महिन्याच्या शेवटी यादी बघा, खासगी फोन ज्याने केला असेल त्याला जाब विचारा, मग तो शिपाई असो की साहेब. पण हिशेब सगळ्यांचा होतो, कुलूप काहींनाच घालता येते. म्हणून हिशेबापेक्षा कुलूप आवडते. ज्या कार्यालयात लाखोंची देयके एका सहीवर निघतात तिथे कंत्राटी लिपिकाच्या तीन मिनिटांच्या फोनवर अविश्वास दाखवला जातो, याला काटकसर म्हणायचे असेल तर म्हणा.

काम मात्र थांबत नाही, ते कोणाच्या तरी अंगावर पडते. त्या दादांनी आम्हाला सांगितले, की सुरुवातीचे तीन महिने ते स्वतःच्या मोबाइलवरून विद्यार्थ्यांना फोन करत होते. रिचार्ज स्वतःचा. मग नंबर पोरांच्या गटांत फिरला. रात्री अकराला फोन, रविवारी फोन, "सर माझी यादी लागली का?" एका यादीत दोनशे-तीनशे नावे असतात. पगार वेळेवर होत नाही, करार अकरा महिन्यांचा. शेवटी त्यांनी बंद केले. आम्ही त्यांच्यावर ओरडायला गेलो होतो आणि परत येताना आम्हालाच लाज वाटत होती. त्याच कार्यालयात एक ताई आहेत, वसतिगृहाचे काम बघतात. त्यांनी आपला नंबर दिल्यावर रात्री-बेरात्री अनोळखी माणसांचे फोन आणि नको ते मेसेज सुरू झाले. सिमकार्ड बदलावे लागले, तेही पदरच्या पैशांनी. कार्यालयाचा फोन बंद ठेवून कार्यालयाचे काम एका बाईच्या खासगी नंबरवर ढकलले, हा त्याचा अर्थ. याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये आहे?

नोंदीचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. कार्यालयाच्या फोनवरून फोन गेला तर पुरावा राहतो. उद्या अपिलात सांगता येते, की अमुक तारखेला कळवले किंवा कळवले नाही. खासगी मोबाइलवरून केलेल्या फोनची कार्यालयाकडे नोंद नसते. आमच्या विद्यार्थिनीच्या फाइलवर शेरा आहे, "संबंधितांस कळविण्यात आले." कसे कळवले, असे विचारले तर फलकाकडे बोट.

कोणी म्हणेल, सरकारने हेल्पलाइन दिल्या आहेत की. दिल्या आहेत. अॅट्रॉसिटीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, फोन मोफत. प्रत्येक कार्यकर्त्याकडे हा नंबर असलाच पाहिजे. पण हेल्पलाइन म्हणजे आत येणारा फोन. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने उठावे, नंबर शोधावा, फोन करावा, आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी. आमचे म्हणणे बाहेर जाणाऱ्या फोनविषयी आहे. तुमच्या अर्जाचे असे झाले, उद्या साक्षीला या, तुमचा हप्ता जमा झाला, हे सांगायला कार्यालयातून कोणी फोन करतो का? आत येणारी लाइन सगळ्यांना मोकळी आणि बाहेर जाणारी फक्त वरच्यांना, या रचनेत धावपळ कायम खालच्या माणसाच्याच वाट्याला येते.

दिल्लीचा आदेश आणि कार्यालयातले कुलूप यांची गोष्ट आपल्या लोकांना नवी नसावी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव रावबहादूर बोले यांनी मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपलेही तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी १९२७ पर्यंत अस्पृश्यांनी तिथले पाणी भरले नव्हते. तुलना फार मोठी आहे हे आम्हाला कळते, फोनच्या शून्याला चवदार तळे म्हणायची आमची इच्छा नाही. पण वर ठराव आणि खाली कुलूप हा प्रकार ओळखायला महाडइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

आता थोडे आपल्याकडे बघू. आपल्या मंडळांची, महासंघांची, संस्थांची कार्यालये काय वेगळी आहेत? आमच्या ओळखीच्या एका संस्थेत, जिच्या भिंतीवर बुद्ध, फुले, शाहू, आंबेडकर अशा चारही तसबिरी आहेत, फोन अध्यक्षांच्या केबिनमध्ये असतो आणि केबिनला कुलूप असते. कार्यकर्ती मुलगी वस्तीतल्या बायकांना फोन करते ती स्वतःच्या मोबाइलवरून, आणि महिन्याला दीडशे रुपये मागितले तर "चळवळीत हिशेब करायचा नसतो" असे ऐकून घेते. अध्यक्षांच्या मोबाइलचे बिल मात्र संस्थेच्या ताळेबंदात असते. या संस्थेत आम्ही दोन वर्षे काम केले आणि गप्प बसलो, कारण आमच्या टेबलाला फोन होता. म्हणजे लोकल असलेल्या त्या लिपिकाला हसण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही.

तर करायचे काय? आपापल्या जिल्ह्यात समाजकल्याण, आदिवासी विकास, तहसील, पोलीस ठाणे, जिथे आपल्या लोकांचे काम अडते तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कायदा २००५ चा आहे, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तक्रारीचा सूर नको, माहिती मागा. कार्यालयात एकूण एक्स्टेन्शन किती, त्यांपैकी मोबाइलवर फोन लावण्याची सोय कोणत्या टेबलांना आहे, ती कोणत्या आदेशाने दिली वा नाकारली, त्या आदेशाची प्रत. कार्यालयाच्या फोनची योजना कोणती आणि त्यात देशभरचे फोन भाड्यातच येतात का. गेल्या सहा महिन्यांत किती अर्जदारांना त्रुटी फोनने कळवल्या, आणि कोणत्या फोनवरून. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, सगळी मेख त्यातच आहे. कंत्राटी कर्मचाऱ्याचे नाव अर्जात कुठेही घालू नका. "अमुक दादांनी आम्हाला सांगितले" असे एका वाक्यात लिहून जाल आणि त्याचा करार वाढणार नाही.

मागणीही साधी ठेवा. ज्या टेबलाचे काम लोकांशी आहे त्या टेबलाचे शून्य आधी उघडा. फोनची नोंद सगळ्यांची ठेवा, साहेबांचीही. कर्मचाऱ्याला स्वतःचा मोबाइल वापरावा लागत असेल तर कार्यालयाने सिमकार्ड द्यावे, म्हणजे नंबर कार्यालयाचा राहील आणि संध्याकाळी बंदही करता येईल.

त्या कार्यालयात आम्ही लेखी निवेदन दिले. देखभालीच्या कंपनीचा माणूस दुसऱ्याच कामासाठी आलेला होता, त्याला आम्ही विचारले की शून्य उघडायला किती वेळ लागतो. तो म्हणाला, दोन मिनिटे, पण पत्र लागेल. पत्राचा मसुदा त्या दादांनीच त्याच दिवशी टाइप केला. नंतर दोनदा चौकशी केली, पत्र सहीला आत गेलेले आहे. मुलीचे अपील आम्ही दाखल केले आहे, सुनावणीची तारीख कळवतो म्हणाले आहेत. तोपर्यंत तिने शहरातली खोली सोडली. सकाळी सहाच्या एसटीने येते, रात्री आठला घरी पोचते. तारीख फोनने कळवाल का, असे आम्ही विचारले तेव्हा साहेबांनी मान हलवली, आणि दादांनी आमच्याकडे बघून फलकाकडे डोळे वळवले. म्हणून आम्ही तिघांनी वार वाटून घेतले आहेत. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी एकेकजण जाऊन फलक वाचून येतो.